बक्षिसीवजा पगार

टेक्सासमधल्या एका वेट्रेसचं मनोगत मराठीत आणताना मी पहिल्याच पानावर अडले. ‘टिप्ड वेज’ला काय म्हणायचं? आपल्याकडे बक्षिसी आहे, दिवाळीचा पोस्त आहे, पगार आहे. बक्षिसी मिळते म्हणून कायद्यानेच कापलेल्या पगाराला मात्र शब्द नाही.

अमेरिकेत संघीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे. टिप मिळवणाऱ्याला मालकाने २.१३ डॉलर दिले तरी चालतं. बाकीचे टिपेतून भरून निघाले असं धरायचं, न निघाल्यास मालकाने भरायचे. २.१३चा आकडा १९९१पासून हललेला नाही. कॅलिफोर्नियाने मालकांना ही सवलत दिलेली नाही. टेक्सासने दिली आहे.

अनुवाद करताना मला ऑस्टिनमधली एक संध्याकाळ आठवली. परिषदेसाठी गेले होते. जेवण उशिरा आलं, म्हणून रागाने टिप ठेवली नाही. नाराजी दाखवली, एवढंच मला वाटलं. उशीर झाला स्वयंपाकघरात आणि मी कापली वाढणाऱ्या मुलीची मजुरी.

मराठीत ‘देणं’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, आपण खुशीने देतो ते. दुसरा, वाण्याचं देणं, जे चुकवावंच लागतं. टिप पहिल्या अर्थाची, पगार दुसऱ्या. पहिल्याने दुसरं फेडायचं ठरवलं, की माझी मर्जी कुणाच्या तरी घरभाड्यापर्यंत पोचते. मग गिऱ्हाईक खांद्यावर हात ठेवतं तेव्हाही हसावं लागतं.

अनेक वेटरांनाच ही पद्धत हवी असते, हे खरं आहे. मेन राज्यात २०१६मध्ये मतदारांनी ती टप्प्याटप्प्याने संपवायचं ठरवलं. २०१७मध्ये विधिमंडळाने ती परत आणली, आणि तशी मागणी करणाऱ्यांत वेटरही होते. भरल्या शुक्रवारी टिपेतूनच जास्त सुटतं, हे त्यांचं म्हणणं मी खोडणार नाही. पण हक्क लागतो तो रिकाम्या टेबलांच्या मंगळवारी.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये, प्राप्तिकराच्या एका खटल्यात, गिऱ्हाइकाने दिलेली टिप हा मालकाने दिलेला पगार नव्हे असा निर्णय दिला. तरी ‘वर टिप मिळतेच की’ म्हणत कमी पगारावर माणूस ठेवणं आपल्यालाही अनोळखी नाही. शब्द नाही, म्हणून गोष्टच नाही असं थोडंच असतं!

शेवटी मी ‘बक्षिसीवजा पगार’ असं लिहिलं. बक्षिसी वजा करून उरलेला, आणि बक्षिसीसारखाच दुसऱ्याच्या मर्जीवरचा. त्या मुलीचं माझ्याकडे राहिलेलं देणं मात्र कुठल्याच शब्दाने फिटत नाही.