अग्रस्थान आणि सेवा

पदवी हाती आली, की विद्यार्थिसंघ बहुधा मागे पडतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या 'अल्फा फाय अल्फा' या बंधुसंघात मात्र तसे होत नाही. १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील सात विद्यार्थ्यांनी तो स्थापिला. त्याचे सभासदत्व आजन्म असते आणि माजी विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र शाखा असतात. परंतु आधारासाठी आखलेले वर्तुळच पुढे प्रतिष्ठेचे कुंपण झाले तर?

या धोक्याविषयी संघाचेच एक बंधू मार्टिन ल्यूथर किंग ४ फेब्रुवारी १९६८ रोजी अटलांटा येथील प्रवचनात बोलले. ख्रिस्ताच्या उजव्या-डाव्या बाजूची आसने मागणारे याकोब व योहान हा त्यांचा विषय होता. बंधुसंघ त्याज्य नव्हेत; पण 'येथे सर्वांना प्रवेश नाही' या समाधानात ते गुरफटतात, असे त्यांनी बजावले. अग्रस्थानाची इच्छा त्यांनी निषिद्ध मानली नाही. ती सेवेकडे वळवली. मला बँडच्या अग्रभागी चालणारा नायक म्हणायचेच असेल, तर न्यायाचा नायक म्हणा, अशी त्यांची विनवणी होती.

संघाच्या १९८४ मधील कल्पनेतून साकारलेले किंग-स्मारक २०११ मध्ये वॉशिंग्टनमध्ये उभे राहिले. त्यावर ते वाक्य कोरताना 'जर-तर' गळाले आणि विनवणीची बढाई झाली. टीकेनंतर २०१३ मध्ये ते वाक्य पुसण्यात आले.

माजी विद्यार्थ्यांच्या कोणत्याही अध्यक्षाने हा 'जर' जपावा. बांधवांस साहाय्य करणे हे कर्तव्यच. परंतु जो कधीच सभासद होणार नाही, त्याच्यासाठी संघ किती झिजला, यावरच नेतृत्वाची पारख व्हावी.