मुलाच्या श्रद्धेवर सही कोणाची?

निशा पाहुजा यांच्या ‘द वर्ल्ड बिफोर हर’ या माहितीपटात दोन प्रशिक्षणवर्ग आलटून पालटून दिसतात. मुंबईत काही मुली मिस इंडिया स्पर्धेसाठी तयार होत असतात. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दुर्गा वाहिनी या हिंदुत्ववादी महिला संघटनेचं शिबिर भरलेलं असतं. तिथे शाळा-कॉलेजातल्या मुली कराटे आणि लाठी शिकतात, बंदूक हाताळतात आणि आपल्या धर्माचे शत्रू कोण हेही शिकतात. एक कोवळी मुलगी अभिमानानं सांगते, माझी एकही मुसलमान मैत्रीण नाही.

हा माहितीपट २०१२ चा. ट्रायबेका महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला होता. भारतात तो जून २०१४ मध्ये लागला, तेव्हा लोकसभेचा निकाल लागून महिनाही झाला नव्हता. दिल्लीत माझ्या ओळखीच्या लोकांमध्ये त्याच्यावर खूप बोललं गेलं, आणि बहुतेक बोलणं दोन वाक्यांत सरकारवर जाऊन पोचायचं. कोणी म्हणे, देश कुठे चाललाय ते बघा. कोणी म्हणे, मदरशांवर अशी फिल्म काढून दाखवा. नोएडातल्या एका मराठी घरी आम्ही तो पुन्हा बघितला, तेव्हा एक काकू म्हणाल्या, निदान पोरींना हात उचलायला तरी शिकवतात. त्यांचं म्हणणं मला आजही उडवून लावता येत नाही. दिल्लीत मुलगी वाढवणाऱ्या बाईला त्या शिबिरात दुसरंच काही दिसणार. पण या सगळ्या बोलण्यातून ती कोवळी मुलगी मात्र गायब झाली. ती जे मानते ते तिचं कधी झालं, कसं झालं, आणि उद्या तिला ते सोडावंसं वाटलं तर काय, याबद्दल कोणी बोलेना.

मदरशांवरची फिल्म पुढच्याच वर्षी आली. ‘अमंग द बिलीव्हर्स’ ही इस्लामाबादच्या लाल मशिदीवरची. त्याआधी २००६ मध्ये अमेरिकेत ‘जीझस कॅम्प’ येऊन गेला होता. नॉर्थ डकोटातल्या डेव्हिल्स लेकजवळच्या शिबिरात लहान मुलं रडत, थरथरत प्रार्थना करतात. शिबिर चालवणाऱ्या बेकी फिशर त्यात सांगतात, मुसलमान आपल्या मुलांना इतक्या लहानपणी तयार करतात, मग आपण का नाही? औरंगाबादच्या शिबिराचा युक्तिवादही हाच. प्रत्येक शिबिराला स्वतःचं समर्थन दुसऱ्याच्या शिबिरात सापडतं. आणि फिशरबाईंना तो माहितीपट खटकला नाही. इतरांना ज्या दृश्यांची भीती वाटली, ती त्यांना आपल्या कामाची पावती वाटली.

म्हणून मनात पहिली येणारी कसोटी टिकत नाही. भक्ती शिकवली तर चांगलं, द्वेष शिकवला तर वाईट, असं आपण सहज म्हणतो, आणि द्वेष वाईट आहेच. पण आपण मुलांना जे शिकवतो ते द्वेष म्हणून कोण शिकवतं? शिकवणाऱ्याला ते प्रेमच वाटत असतं, फार तर सावधगिरी. या कसोटीवर आपलं घर नेहमी पास होतं आणि शेजारचं नापास.

हा पेच दिल्लीतच, संविधान सभेत, डिसेंबर १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांसमोर आला होता. सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नको, या कलमाचं समर्थन करताना त्यांनी कुठल्या धर्माची शिकवण चांगली या प्रश्नात हातच घातला नाही. कराचा पैसा सगळ्यांचा आहे, धर्म अनेक आहेत, आणि प्रत्येक धर्म मुक्तीचा मार्ग आपल्याचकडे असल्याचं सांगतो, मग ते वाद वर्गात का आणायचे, असा त्यांचा रोख होता. धर्माचा अभ्यास वेगळा आणि श्रद्धेचे पाठ वेगळे, हेही त्यांनी स्पष्ट केलं. यातून कलम २८ आलं. त्याचा तिसरा भाग मान्यताप्राप्त आणि अनुदानित शाळांबद्दल आहे. तिथे कोणावर धर्मशिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. शाळेचा प्रश्न असा बराचसा सुटला. मूल मात्र पालकाच्या हाती राहिलं.

माझ्या दिल्लीतल्या एका सहकाऱ्यानं त्या माहितीपटानंतर विचारलं होतं, फुल्यांच्या महाराष्ट्रात हे कसं? उत्तर देण्यासाठी म्हणून मी फुल्यांकडे पुन्हा गेले आणि थबकले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये, छापलं गेलं. त्यात ते एका कुटुंबाची कल्पना करतात. बाई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एकमेकांचा हेवा न करता प्रेमानं एका घरात राहतात. आपण याकडे धर्मसहिष्णुतेचं चित्र म्हणून बघतो. मला त्यात त्याहून मोठं धाडस दिसतं. इथे मुलगी स्वतः वाचते आणि स्वतः ठरवते. आईबापांपासून वेगळं ठरवूनही तिचं घर सुटत नाही.

प्रत्यक्षात हे किती जड होतं ते त्याच काळातल्या पंडिता रमाबाईंकडे बघून कळतं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि आपल्याबरोबर आपल्या मुलीला, मनोरमेलाही दिला. मनोरमा तेव्हा अडीच वर्षांची होती. नंतर मनोरमेला काय शिकवायचं यावरून त्यांचा आणि वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रांतून तीव्र वाद झाला. मला न पटलेले सिद्धान्त माझ्या मुलीच्या डोक्यात घालायचे नाहीत, हा रमाबाईंचा आग्रह. चर्चच्या अधिकारापुढे इतक्या ताठपणे उभी राहिलेली दुसरी मराठी बाई मला माहीत नाही. तरी वाद आई आणि मठ यांच्यातच होता. मुलगी कोणाची हे ठरत होतं, मुलगी काय ठरवेल हा मुद्दा अजून यायचा होता.

पुढे पुण्यात रमाबाईंच्या शारदा सदन या मुलींच्या निवासी शाळेत तीच गोष्ट उलट बाजूनं घडली. रमाबाई स्वतःच्या प्रार्थनेला दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये गदारोळ झाला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी बऱ्याच मुलींना काढून नेलं. त्यांतल्या अनेक बालविधवा होत्या. प्रार्थनेला का बसावंसं वाटलं, हे त्यांना विचारलं गेल्याची नोंद माझ्या वाचनात नाही. सुधारक आणि सनातनी दोघेही त्यांच्या वतीनं बोलत होते.

मुलाला विचारण्याची कल्पना कायद्यात यायला विसावं शतक उजाडलं. जर्मनीत १९२१ च्या कायद्यानं चौदाव्या वर्षानंतर धर्म ठरवण्याचा हक्क मुलाला दिला, आणि बाराव्या वर्षानंतर त्याच्या इच्छेविरुद्ध धर्म बदलून वाढवायला मनाई केली. अमेरिकेत १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून आमिश या ख्रिस्ती पंथातल्या पालकांना मुलांना आठवीनंतर शाळेतून काढायची मुभा मिळाली, तेव्हा न्यायमूर्ती डग्लस यांनी वेगळं मत नोंदवलं की मुलांचं म्हणणं ऐकायला हवं. १९८९ च्या बालहक्क करारात, ज्यात भारत १९९२ मध्ये सामील झाला, कलम १४ मुलाला विचार, सदसद्विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य देतं. पालकांनी दिशा द्यायची, पण मुलाच्या वाढत्या समजेला धरून.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये याच्या जवळ जाणारा निकाल दिला होता. बिजो इमॅन्युएल आणि त्याच्या दोन बहिणी केरळातल्या शाळेत राष्ट्रगीताला आदरानं उभ्या राहत, पण गात नसत. त्यांच्या यहोवाज विटनेसेस पंथाला ते मान्य नव्हतं. शाळेनं काढून टाकलं, न्यायालयानं परत घ्यायला लावलं. ही श्रद्धा मुलांना घरातूनच मिळाली होती. म्हणून ती खोटी ठरत नाही. आपल्या सगळ्यांच्या श्रद्धा कुठून तरी मिळालेल्याच असतात, माझीही. तेव्हा श्रद्धा कोणी दिली हे शोधत बसण्यात अर्थ नाही. ती नाकारली तर मुलाचं काय होतं, तिथे बघायला हवं. प्रेम जातं का, मार बसतो का, राहतं घर सुटतं का?

पाहुजांच्या माहितीपटातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं माणूस मला याच प्रश्नामुळे कळलं. शिबिरात शिकवणारी एक चोवीस वर्षांची मुलगी. तिला लग्न करायचं नाही, आयुष्य वाहिनीला द्यायचं आहे. शिबिरात तिचा शब्द चालतो, तिच्या हाताखाली पन्नास पोरी उभ्या राहतात. घरी वडील सांगतात, लग्न करावंच लागेल. लहानपणी खोटं बोलल्याबद्दल वडिलांनी तापलेल्या लोखंडाचा चटका दिल्याचं ती सांगते, आणि तरी त्यांच्यावर रागावत नाही, कारण मुलगी असूनही त्यांनी तिला जगू दिलं. नोएडातल्या त्या काकू या दृश्याला गप्प झाल्या होत्या. जी विचारसरणी तिला ताठ उभं राहायला शिकवते, तीच तिला वडिलांना नाही म्हणू देत नाही. तिची श्रद्धा तिची नाही असं मी म्हणणार नाही. तिला दुसरीकडे जायची वाट कोणी ठेवली नाही, हे मात्र खरं.

ही वाट औरंगाबादच्या शिबिरापुरती तपासून भागणार नाही. गुडगाव-नोएडाच्या सोसायट्यांत सुट्टीतली शिबिरं भरतात, आमच्या मंडळाच्या गणपतीत पोरांकडून अथर्वशीर्ष पाठ करून घेतलं जातं, आणि पंधरा वर्षांचा एखादा नको म्हणाला तर आम्हीच त्याच्या आईकडे बघतो. केंद्रीय विद्यालयांतल्या सकाळच्या संस्कृत-हिंदी प्रार्थनेवरची याचिका सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवली. तिथे प्रार्थना धार्मिक आहे का, यावर युक्तिवाद झाले आहेत. मला त्याच्याइतकीच पालकाच्या संमतीची गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रवेशाच्या जेवढ्या अर्जांवर मी सह्या केल्या, त्यांत धर्म आणि जात विचारली होती. उपासनेला संमती आहे का, हे एकातही नव्हतं. ती ओळ अर्जात यावी, आणि आठवीपासून पुढे तिच्याखाली पालकाबरोबर मुलाच्या सहीलाही जागा असावी. नाही म्हणणाऱ्या मुलानं त्या वेळात ग्रंथालयात बसावं, आणि त्याचं कारण कोणी विचारू नये.