किल्ली देण्याआधी एक रात्र

भाड्याने द्यायचं घर रंगवून, पुसून तयार झालं की मी एक रात्र तिथे झोपायला जाते. चटई, उशी, दोन पातेली, मूठभर खिचडीचं सामान, दुधाची पिशवी, साबण, एवढंच बरोबर असतं. रात्री खिचडी टाकायची, सकाळी आंघोळ करून चहा घ्यायचा आणि निघायचं. दिवसा दहा मिनिटांच्या फेरीत दिसत नाही ते या बारा तासांत कळतं. बाथरूममधलं पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येतं. रस्त्यावरचा दिवा नेमका झोपायच्या खोलीत डोळ्यांवर येतो, म्हणजे तिथे पडद्याचा रॉड हवा. दाराची कडी आतून लावताना जोर लावावा लागतो. सगळीकडे सामसूम झाली की फ्लशच्या टाकीतून झिरपणाऱ्या पाण्याचा बारीक आवाजही ऐकू येतो. हे सगळं एका कागदावर लिहायचं, आणि किल्ली देण्याआधी त्यातलं जमेल तेवढं दुरुस्त करून घ्यायचं. शेजारच्या वहिनी पहिल्या वेळी विचारायला आल्या होत्या, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून. आता रात्रीचं दही त्याच आणून देतात.

ही सवय मला पहिल्या भाडेकरूंमुळे लागली. नवरा-बायको दोघंही तरुण, नोकरीसाठी लातूरहून पुण्याला आलेले. मी घराला रंग दिला, डिपॉझिट घेतलं, किल्ली दिली आणि माझं काम झालं असं धरून चालले. तीन महिन्यांनी काही कागद द्यायला गेले, तर स्वयंपाकघरात सिंकखाली बादली ठेवलेली. पाइप पहिल्या दिवसापासून गळत होता. रोज रात्री झोपण्यापूर्वी बादली ओतायची आणि पहाटे पुन्हा ओतायची, असं तीन महिने चाललं होतं. "तुम्हाला कशाला त्रास द्यायचा काकू, म्हणून बोललो नाही," ती मुलगी म्हणाली. प्लंबरने पंधरा मिनिटांत वॉशर बदलला. मला मात्र ती बादली कितीतरी दिवस डोळ्यांसमोर दिसत राहिली. परक्या गावात नव्याने आलेलं माणूस मालकाला लगेच काही सांगत नाही. तक्रार केली तर घर सोडायला लावतील, ही धास्ती मनात असते. म्हणून त्याने सांगायची वाट न बघता आपणच आधी शोधायचं.

कागदपत्रांकडेही मी तसंच बघायला लागले. आईवडिलांचा रिकामा फ्लॅट असो की कर्ज काढून घेतलेलं दुसरं घर, नव्या मालकाला कुणीतरी हमखास सांगतं की 11 महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला? आपल्या महाराष्ट्रात ती लागतेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधल्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि पुढे वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. खर्च म्हणाल तर महानगरपालिकेच्या हद्दीत नोंदणीचे 1000 रुपये. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे 18,000 रुपये भाड्याच्या 11 महिन्यांच्या करारावर पाचशेच्या आसपास. एवढ्यासाठी दोन्ही घरांची झोप कशाला घालवायची? करार एजंटने आणला तरी तो भाडेकरूंबरोबर बसून एकदा मोठ्याने वाचावा. रंगाचा खर्च कुणी करायचा, सोसायटीचा मेंटेनन्स कुणी भरायचा, निघताना किती दिवस आधी सांगायचं, हे त्याच वेळी बोलून होतं. वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवावा. भाड्याची पावती न मागता द्यावी, कायदाही तेच सांगतो. डिपॉझिट वेगळ्या खात्यात ठेवावं. ते आपले पैसे नाहीत, परत द्यायचे आहेत, आणि किल्ली हातात येईल त्याच दिवशी देता आले पाहिजेत. एक गोष्ट मला प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना उमगली. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा केल्यावर जे उरतं, त्यावर 30 टक्के वजावट सरसकट मिळते, खर्च केला असो वा नसो. म्हणजे आलेलं सगळं भाडं हातात उरत नाही, हे सरकारनेही धरलेलं आहे. मग आपण तरी बाराही महिन्यांच्या भाड्यावर हप्त्यांचं गणित का बांधावं? एका महिन्याचं भाडं मी घराच्या नावाने बाजूला ठेवते. नळ, रंग, मध्ये घर रिकामं राहिलं तर तो काळ, सगळं त्यातून निभतं, आणि भाडेकरूचा फोन आला की आता किती खर्च निघणार, ही चिंता आधी मनात येत नाही.

एकदा किल्ली दिली की तिथे जाताना मी आदल्या दिवशी फोन करते आणि दाराशी उभी राहून बेल वाजवते. घर बघण्याचा हक्क मालकाला आहे, पण आधी कळवून आणि योग्य वेळी, असं भाडे नियंत्रण कायद्यातच आहे. कायद्यात नसतं तरी मी तसंच केलं असतं. दुसऱ्या किल्लीने दार उघडून आत जायचं माझ्या मनातच येत नाही. ती रात्र तिथे काढल्यामुळे मला ठाऊक असतं, त्या खोलीत पाठ टेकल्यावर कसं वाटतं ते. माझ्या यादीतलं दुरुस्त न होणारं असं जे उरतं, ते मी एका कागदावर लिहून ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. गिझर आणि मिक्सर एकदम लावू नका. पावसाळ्यात खिडकी जरा वर उचलून सरकवा. वॉलमनचं नाव, गॅसवाल्याचा नंबर. बादलीच्या प्रसंगानंतर असा पहिला कागद लातूरच्या त्या दोघांकडेच लावला होता, ती गेली तेव्हा त्याखाली निळ्या शाईत एक ओळ वाढलेली होती, तीननंतर बाल्कनीत कडक ऊन येतं, पापड दोन दिवसांत वाळतात. त्यांच्यानंतर आलेल्या मुलींनी त्याखाली डबा देणाऱ्या ताईंचा पत्ता लिहिला. परवा पुन्हा रंगारी आला, तेव्हा मी तो कागद अलगद सोडवून घेतला आणि रंग वाळल्यावर होता तिथेच लावला. आज रात्री चटई घेऊन तिकडे जायचं आहे.