आज्ञा आणि अंगठा

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहिला, म्हणजे त्यावर मावळे येतातच. कोणी तटावर पहारा करतो, कोणी तोफेपाशी वाकलेला असतो. खेळता खेळता त्यांतले दोनचार गडगडत खाली येतात, एखाद्याची मान मोडते. पण मेलेल्या मावळ्यांची मोजदाद कोणी ठेवीत नाही. खेळातले मरण हे मरणच नव्हे, अशी आपली समजूत आहे आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. तथापि एका खेळाने या समजुतीलाच हात घातला. त्या खेळाविषयी, आणि त्याने नव्याने विचारलेल्या एका फार जुन्या प्रश्नाविषयी, आज थोडे लिहावेसे वाटते.

'मेटल गिअर' ही जपानी खेळमाला हिदेओ कोजिमा याने १९८७ साली सुरू केली. त्या काळचे घरगुती संगणक दुबळे. पडद्यावर एकाच वेळी फारशी माणसे आणि गोळ्या नाचवणे त्यांना झेपत नसे. कोजिमाने या दुबळेपणातूनच वाट काढली. नायकाने लढायचे नाही, लपायचे! शत्रूच्या नजरेआड राहून, पावलांचा आवाज होऊ न देता पुढे सरकायचे. या मालेतला 'मेटल गिअर सॉलिड ३ : स्नेक ईटर' हा खेळ २००४ साली कोनामी कंपनीने प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी काढला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो नव्या रूपात पुन्हा आला. एकवीस वर्षांनी मागे वळून पाहताना त्यातली चित्रे जुनी वाटतील. प्रश्न मात्र जुना वाटत नाही.

कथा १९६४ सालची, सोव्हिएत रशियातल्या एका काल्पनिक अरण्यातली. नायकाचे टोपणनाव स्नेक. त्याची गुरू ही एक स्त्री आहे. तिला सारे 'द बॉस' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात गाजलेली ही बाई. लढणे, लपणे, जगणे, सारे तिनेच त्याला शिकवले. एके दिवशी ती अमेरिका सोडून शत्रूला मिळते आणि जाताना अणुबाँबचे दोन लहान गोळे नजराणा म्हणून नेते. एक माथेफिरू रशियन कर्नल त्यांतला एक गोळा आपल्याच भूमीवर डागतो. आता जगाचा नाश टाळायचा, तर अमेरिकेने आपले निर्दोषत्व सिद्ध केले पाहिजे. आणि सिद्ध करण्याची रीत एकच, आपल्या फितुराला आपल्या हाताने मारायचे. आज्ञा होते ती स्नेकला. गुरूला ठार कर.

वाटेत खेळणाऱ्यापुढे एक सवलत ठेवलेली असते. पहारेकऱ्यांना मारलेच पाहिजे असे नाही. गुंगीचे बाण झाडणारे पिस्तूल जवळ आहे, झुडुपात पडून राहिले तरी वाट मोकळी होते. शंभरी ओलांडलेला एक म्हातारा नेमबाज आडवा येतो. त्याच्याशी लढता लढता खेळ जतन करून बाजूला ठेवला आणि आठवड्याहून अधिक दिवसांनी पुन्हा उघडला, तर म्हातारा वार्धक्यानेच गेलेला असतो! वाट पाहणे हाही एक मार्ग असू शकतो, हे सांगण्याची ही तऱ्हा मला फार आवडते.

आणि मग ती नदी येते. स्नेक कमरेएवढ्या पाण्यातून चालू लागतो आणि समोरून माणसे येऊ लागतात. ही सारी त्या त्या खेळणाऱ्याने वाटेत मारलेली माणसे. ज्याचा गळा कापला तो तसाच येतो. त्यांच्याशी लढता येत नाही; नुसते त्यांच्यामधून जावे लागते. ज्याने बेफिकिरीने गोळ्या झाडल्या त्याची नदी संपता संपत नाही. ज्याने हात आवरला त्याला कथेनेच मारलेले मोजके लोक भेटतात, शिपायांपैकी कोणी नाही. मोजदाद कोणीतरी ठेवीत होते तर!

मी कादंबऱ्या लिहितो. कथेच्या सोयीसाठी त्यांत काही माणसे मारली आहेत, आणि वाचक त्यांच्यासाठी रडले आहेत. पण त्या मरणाचा जाब वाचकाला कोणी विचारीत नाही. तो साक्षीदार असतो, हस्तक नसतो. या खेळाने साक्षीदाराचा हस्तक केला. शेवटी पांढऱ्या फुलांच्या मळ्यात द बॉस हरते, पडते आणि आपलीच बंदूक शिष्याच्या हाती देते. इतका वेळ आपोआप चाललेली कथा इथे थांबते. चाप ओढायचा तो खेळणाऱ्याने, बटणावर आपला अंगठा दाबून.

त्यानंतर खरे काय ते कळते. ती फितूर नव्हतीच. एका गुप्त खजिन्यासाठी सरकारनेच तिला शत्रूच्या गोटात धाडले होते. कर्नलच्या अविचाराने सारे बिघडले, तेव्हा त्याच सरकारने तिला कलंकासह मरण्याची आज्ञा केली, आणि तिने ती पाळली. मारणारा आज्ञेने मारतो, मरणारी आज्ञेने मरते, आणि आज्ञा देणारे कचेरीत बसलेले असतात. मग पाप कोणाचे?

खेळाची कथा ज्या काळातली, त्याच काळात, १९६१ साली, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम याने हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने विचारला होता. दुसऱ्या खोलीतला माणूस चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा, दर वेळी अधिक जोराचा, असे साध्या नागरिकांना सांगण्यात आले. झटके खोटे होते. पण बटण दाबणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. एका प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. ते दुष्ट नव्हते. कित्येकांना घाम फुटला होता. 'पुढे चला' असे कोणी सांगत होते, एवढेच. त्याआधी न्यूरेंबर्गच्या खटल्यासाठी १९४५ साली जी सनद झाली, तिने ठरवले होते की, वरिष्ठांची आज्ञा होती एवढ्याने आरोपी सुटत नाही. फार तर शिक्षा सौम्य होईल.

आपल्याला हा पेच परका नाही. शिष्याने गुरूवर बाण धरण्याचा प्रसंग महाभारतात आहे, आणि स्वतःच्या मरणाची युक्ती स्वतःच सांगणारे भीष्मही तिथेच आहेत. पण अर्जुनाने बाण सोडण्यापूर्वी रथ थांबवला, प्रश्न विचारले आणि त्याला उत्तर देणारा सारथी भेटला. स्नेकला सारथी नाही. त्याच्या कानातल्या यंत्रातून येतात त्या फक्त सूचना.

कोणी म्हणेल, खेळणाऱ्याला तरी दुसरी वाट कुठे आहे? बटण दाबा, नाहीतर खेळ मिटवून ठेवा. ज्याला निवड नाही त्याला दोष कसला? हा आक्षेप मला मान्य आहे. पण दोष आणि भार यांत फरक केला पाहिजे. आज्ञा देणारा दोषाचा वाटा उचलू शकेल, कदाचित सगळाच उचलेल. कृत्य मात्र तो परत घेऊ शकत नाही. ते ज्याच्या हातून झाले त्याच्यापाशीच राहते. निरक्षर माणसाने कागदावर अंगठा उठवला, तर मजकूर दुसऱ्याचा असतो. पण ठसा त्याचाच.

शाळेत मुले रजेचे अर्ज लिहितात, त्याखाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' असे असते. तो शब्द खोडावा असे मला वाटत नाही. आज्ञेवाचून वर्गही चालत नाही आणि घरही. पण त्याचा अर्थ मुलांना नीट सांगावासा वाटतो. आज्ञा पाळ, पाळण्याआधी एकदा 'का?' असे विचार. आणि पाळल्यावर जे घडले ते 'मी केले' असे म्हण, 'मला सांगितले होते' असे म्हणू नकोस.

स्नेक हे विचारू शकला नाही. पुढे त्याला पदक आणि 'बिग बॉस' ही पदवी मिळते. राष्ट्राध्यक्षांचा हात तो हाती घेतो. गुप्तचर प्रमुखाचा हात मात्र तसाच पुढे राहतो. मग तो एका थडग्यासमोर उभा राहून सलाम करतो. १९८७ च्या पहिल्या खेळात हाच बिग बॉस शत्रूंचा म्होरक्या निघाला होता. कोजिमाने त्या शेवटाचे मूळ १७ वर्षांनी इथे दाखवले. म्हणून आज्ञा देणाऱ्यांनाही, म्हणजे मास्तरांना, आईबापांना आणि सरकारांना, एवढेच सांगणे आहे : कारण न सांगता ज्याच्याकडून काम करवून घेतले तो काम करील, पदकही घेईल, पण तो आपला राहील असे समजू नये.