पडदा घरचा की ज्याचा त्याचा?

कोणतीही वस्तू घेताना आपण दोन प्रश्न विचारतो. केवढ्याला पडेल आणि किती दिवस टिकेल? तिसरा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. ही वस्तू घरात आल्यावर कुणाची होणार? पाटा-वरवंटा घेताना तो विचारावा लागत नव्हता, कारण पाटा घरचा असे. चष्मा घेतानाही विचारावा लागत नाही, कारण चष्मा ज्याचा त्याचा असतो. पण मोबाईल आणि टॅब्लेट यांच्यापैकी एकाची निवड करायची वेळ आली की हा प्रश्न पुढे येतो. आमच्या बेळगाव-निपाणीकडच्या घरांत, जिथे एका छपराखाली दोन भाषा नांदतात, तिथे तर तो जरा जास्तच टोचतो.

दिवाळीच्या तोंडावर पंधरा-वीस हजार रुपये हाताशी आहेत आणि त्यात एकच पडदा घरात येणार आहे, असे समजा. मुलाला नवा मोबाईल हवा आहे. आईचे म्हणणे, टॅब्लेट घेऊ, सगळ्यांनाच उपयोगी पडेल. दुकानदार दोन्हींचे गुण सांगेल. बॅटरी, कॅमेरा, पडद्याची लांबी असा सगळा हिशेब मांडेल. मात्र कोणती वस्तू माणसाची आणि कोणती घराची, हे तो सांगणार नाही. ते त्याचे कामही नव्हे.

आधी दोन्हींतला फरक सरळ पाहू. मोबाईलचा पडदा साधारण सहा-साडेसहा इंचांचा, टॅब्लेटचा आठ ते अकरा इंचांचा. आत चालणारी यंत्रणा बहुतेक वेळा एकच, अँड्रॉईड नाहीतर ॲपलची. तरीही त्यांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते पडद्यापेक्षा सिमकार्डामुळे पडले आहे. २०१६ साली यूपीआय सुरू झाले. बँकेत नोंदवलेल्या क्रमांकाचे सिमकार्ड ज्या यंत्रात आहे, त्याच यंत्रावर ते चालू होते. बँकेचा गुप्त आकडा तिथेच येतो, गॅसच्या टाकीचा आणि रेशनचा निरोपही तिथेच. व्हॉट्सॲपचे खाते मोबाईल क्रमांकावर उभे आहे. आयपॅड बाजारात आला २०१० साली, पण व्हॉट्सॲपने त्यासाठी स्वतंत्र ॲप दिले ते थेट २०२५ साली. याचा अर्थ एवढाच की मोबाईल हे आता माणसाचे ओळखपत्र झाले आहे. सरकार, बँक आणि सोयरेधायरे त्याच्या दारानेच आपल्याला ओळखतात. सिमकार्ड नसलेल्या टॅब्लेटला अशी ओळख नाही. तो पाटासारखा घरात पडून असतो, ज्याला बसायचे त्याने बसावे.

म्हणून रोजच्या कामाच्या तराजूत मोबाईल जड भरतो, हे मान्य केले पाहिजे. आपल्याकडे टॅब्लेट आला तोच गरीब विद्यार्थ्याची पाटी म्हणून. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत कपिल सिब्बल यांच्या हस्ते 'आकाश' टॅब्लेटचे अनावरण झाले. सात इंची पडदा आणि सुमारे सव्वादोन हजार रुपये किंमत. कल्पना थोर होती, पण यंत्र मंद होते. पुढच्या वर्षी सुधारलेली आवृत्ती आली तरी योजना रुजली नाही. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि मोबाईलने बाजी मारली. ज्या घरात एकच यंत्र परवडते, तिथे पैसे पाठवणारे, फोन करणारे, सिनेमा दाखवणारे आणि रस्ता सांगणारे यंत्रच येणार. निपाणीत विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईला किंवा शहापूर-वडगावच्या मागावर बसणाऱ्या माणसाला कुणी टॅब्लेटचे गुण ऐकवू लागला, तर तो माणूस हिशेबाला कच्चा आहे असेच मी म्हणेन.

पण २०२० साली या हिशेबाची दुसरी बाजू उघडी पडली. शाळा बंद झाल्या. त्या जुलैत महाराष्ट्रात दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. कर्नाटकात चंदना वाहिनीवर कन्नडमधून पाठ होऊ लागले. सीमाभागातला मराठी शाळेचा मुलगा या दोहोंच्या मधे उभा. सह्याद्रीची भाषा त्याची, पण धडे बालभारतीचे. चंदनावरचा अभ्यासक्रम त्याच्या राज्याचा, पण भाषा शाळेतली नव्हे. त्याच्या पुस्तकातला धडा त्याच्या भाषेत शिकवणारा एकटा त्याचा शिक्षक, आणि तो शिक्षक पोचणार मोबाईलवरून. मोबाईल मात्र बापाच्या खिशात बसून सकाळीच कामावर जाई. संध्याकाळी बाप परतला की मुलाची शाळा भरे, तीही बॅटरी उरली असेल तर. विद्यागम योजनेत शिक्षक गल्लीत आणि देवळाच्या ओवरीत जाऊन शिकवू लागले होते, पण ऑक्टोबरमध्ये तीही थांबवावी लागली.

बापाचा यात काही दोष नव्हता. वस्तूचा स्वभावच तसा होता. जी वस्तू माणसाची असते ती माणसाबरोबर जाते, आणि घरची वस्तू घरी राहते. टॅब्लेटच्या बाजूने याहून बळकट युक्तिवाद मला माहीत नाही. त्यात मोठा पडदा, चांगला आवाज यांचा काही संबंध नाही. तो घरी राहतो, एवढेच.

इथवर आल्यावर सामायिक वस्तूचे गोडवे गाण्याचा मोह होतो. रेडिओ आठवतो. आमच्या भागात एकाच रेडिओवर सांगली आणि धारवाड अशी दोन्ही केंद्रे लागत. धारवाड १९५० चे, सांगली १९६३ चे. सकाळी मराठी भक्तिगीत, संध्याकाळी कन्नड बातम्या, आणि सगळे घर एकत्र ऐके. चित्र सुंदर आहे, पण पुरते खरे नाही. रेडिओची खुंटी कुणाच्या हातात असे? घरातल्या कर्त्या पुरुषाच्या. सुनेला कोणते गाणे आवडते हे त्या खुंटीने कधी विचारले नाही. जी वस्तू सर्वांची म्हणतात ती पुष्कळदा घरातल्या जबर माणसाची असते, बाकीचे तिच्याभोवती बसलेले असतात इतकेच.

उलट मोबाईल पाहा. सीमाभागातल्या सोयरिकी कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडपर्यंत पसरलेल्या. पूर्वी कोगनोळी ओलांडून कागलकडे गेले की रोमिंग लागे आणि माहेरच्या फोनलाही पैसे मोजावे लागत. आता ती कटकट गेली. आज निपाणीची सून दुपारी माडीवर बसून आईशी पाऊण तास बोलते आणि तिचे बोलणे कुणी ऐकत नाही. तिच्या खात्यावरचे पैसे तिच्या मोबाईलवर तिलाच दिसतात. ही स्वतंत्रता तिला कुणी भाषण करून दिलेली नाही. एका छोट्या, खाजगी पडद्याने दिली. घरात सगळे एकत्र असावे म्हणून तो पडदा तिच्याकडून काढून घेणारा माणूस घराची सेवा करत नाही, खुंटी परत आपल्या हातात घेतो.

म्हणजे दोन मूल्ये समोरासमोर आहेत, आणि दोन्ही खरी आहेत. एक, माणसाला स्वतःचा कोपरा हवा. दुसरे, घराला काहीतरी सामायिक हवे, नाहीतर ते घर न राहता खोल्यांची चाळ होते. यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांनीही या वादात आपापली बाजू घेतलेली आहे, ती आपल्या लक्षात येत नाही इतकेच. अँड्रॉईडने २०१२ साली टॅब्लेटवर एकाहून अधिक माणसांची वेगवेगळी खाती ठेवण्याची सोय केली. आजीचे वेगळे, नातवाचे वेगळे. ॲपलने शाळा आणि कचेऱ्यांच्या आयपॅडला तशी सोय दिली, घरगुती आयपॅडला मात्र वर्षानुवर्षे दिली नाही. एकाच्या हिशेबी पडद्यासमोर एक कुटुंब बसू शकते, दुसऱ्याच्या हिशेबी एक गिऱ्हाईक. आयपॅड यंत्र म्हणून उत्तम आहे, दीर्घकाळ टिकतो आणि नव्या सुधारणा त्याला बरीच वर्षे मिळतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो घेताना तो कोणासाठी बनवला आहे, हेही पाहिले पाहिजे.

भाषेचेही तसेच. आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत कन्नड, दुकानात दोन्ही. अँड्रॉईडच्या ४.१ आवृत्तीत, २०१२ साली, कन्नड लिपीला आधार मिळाला आणि हिंदीचा कळफलकही आला. ॲपलच्या यंत्रांवर मराठीचा कळफलक २०१४ साली आला, कन्नडचा २०१७ साली. मधल्या तीन वर्षांत आमच्याकडच्या घरातला आयपॅड आजीची भाषा लिहू शकत होता, पण नातवाच्या शाळेतली दुसरी भाषा लिहू शकत नव्हता. २०२५ साली मात्र दोन्ही भाषा त्या यंत्राच्या सगळ्या सूचनांसाठी बरोबरच दाखल झाल्या. यात कुणाचे प्रेम किंवा वैर नाही, दूर बसलेल्या लोकांचा बाजाराचा अंदाज आहे. पण त्या अंदाजाने आपल्या घरात कोण बोलके आणि कोण मुके हे ठरत होते.

याच्या उलट एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे भारतीय भाषांसाठी इन्स्क्रिप्ट नावाचा कळफलक तयार झाला आणि भारतीय मानक संस्थेने १९९१ साली तो प्रमाण ठरवला. त्यात मराठीचा 'क' ज्या कळीवर आहे, त्याच कळीवर कन्नडचाही 'क' आहे. मराठीत टाइप करायला शिकलेल्या मुलाला कन्नडची लिपी येत असेल तर बोटे नव्याने शिकवावी लागत नाहीत. दोन भाषांची वर्णमाला एकाच घडणीची आहे, हे आखणाऱ्यांनी ओळखले आणि कळफलकात उतरवले. आम्ही सीमेवरची माणसे ते रोज जगतो आणि रोज विसरतो.

इथे मला सगळ्यांत अवघड वाटणारा मुद्दा येतो. आमच्याकडे शेताचा उतारा कन्नडमध्ये मिळतो. जुन्या माणसांना तो वाचता येत नाही. पूर्वी तो घेऊन ते शेजारच्या कन्नड कुटुंबाकडे जात. शेजारी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचून दाखवी. त्यात चहा होई, पिकाच्या गोष्टी होत. शेजाऱ्याच्या लेकीच्या लग्नाची मराठी पत्रिका लिहायची असली की तो आमच्याकडे येई. आता उताऱ्याचा फोटो काढला की मोबाईल त्याचे मराठी करून देतो. ते नेहमीच बिनचूक असते असे नाही, पण काम भागते. सोय झाली, यात शंका नाही. कुणाचे उपकार घ्यायला नकोत, तलाठ्यासमोर ओशाळायला नको. पण शेजाऱ्याची गरज संपली की शेजारधर्म कशावर उभा राहणार? दोन भाषांच्या गावात माणसे एकमेकांना धरून राहिली ती पुष्कळशी एकमेकांवाचून अडत होते म्हणून. न अडणारी माणसे एकमेकांशी चांगली वागतात का, याची परीक्षा आता सुरू झाली आहे.

मोबाईल टाकून द्या असे उत्तर मी देणार नाही. अडवून टिकवलेला शेजार फार काळ टिकत नाही. पण वाचकहो, आठ-दहा इंचांच्या पडद्यावर दोन डोकी एकदम वाकू शकतात, आणि ही गोष्ट क्षुल्लक नाही. उतारा टॅब्लेटवर मोठा करून आजोबा आणि शेजारी दोघांनी मिळून पाहावा, यंत्राने केलेले मराठी बरोबर आहे का ते शेजाऱ्याने सांगावे. काम यंत्राचे आणि साक्ष माणसाची राहील. सिनेमाचेही तेच. उभ्या पडद्यावर अंगठ्याने सरकवायची अर्ध्या मिनिटाची चित्रे एकट्यानेच पाहिली जातात. टॅब्लेट पितळी डब्याला टेकवून लावलेले नाटक स्वयंपाकघरातून आईही ऐकते.

टॅब्लेट आणला की घर जुळेल, असा भोळेपणाही नको. पोराने जेवावे म्हणून त्याच्यापुढे टॅब्लेट उभा करणारी घरे मी पाहिली आहेत. त्या पोराला घासाची चवही कळत नाही. वस्तू सद्गुण देत नाही, फार तर त्याला जागा करून देते.

तेव्हा निवड कशी करावी? माझे मत असे. बोलणे, पैसा आणि ओळख ही ज्याची त्याची. त्यासाठी लागणारा मोबाईल प्रत्येक सज्ञान माणसाच्या हातात असावा, सुनेच्या आणि सासूच्याही, आणि तो कुणी उघडून पाहू नये. वाचणे, शिकणे, पाहणे हे जमेल तेवढे घरचे. त्यासाठी ऐपत असेल तर मोठा पडदा घ्यावा, त्यात दोन्ही भाषांचे कळफलक पहिल्याच दिवशी घालावेत, तो सोप्यात ठेवावा आणि कुणाच्याही खोलीत नेऊ नये. आणि त्यावर काय लागायचे हे ठरवण्याची पाळी रोज बदलावी, घरातल्या धाकट्यापासून सुरुवात करून.

पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर ज्याच्याकडे स्वतःचा मोबाईल नाही असे घरात कोण आहे ते आधी पाहावे. तसे कुणी असेल तर मोबाईल त्या माणसासाठी घ्यावा. सगळ्यांकडे असेल तर मुलाचा नवा मोबाईल एक वर्ष थांबू शकतो. दुकानात जाण्याआधी घरातल्या प्रत्येकाला एकदा विचारून घ्यावे, आणि ज्याला आजवर कधीच विचारले नाही त्याला सर्वांत आधी.