रोटी घाटात कोणती लेन्स?

शिरूरला माझं लग्नाच्या शूटिंगचं काम; पण आषाढीच्या आधी मी दौंड तालुक्यात असतो, तुकोबांच्या पालखीसाठी. वरवंडचा मुक्काम हलला की पालखी पाटसवरून रोटी घाट चढते. फुल-फ्रेम कॅमेऱ्याला 24 एमएम लावली तर सुमारे 84 अंशांतला सोहळा येतो: बैलजोड्या, पताका, डोंगर. 85 एमएमला जेमतेम 28 अंश; त्यात मावते डोक्यावर तुळस घेतलेली एकच आजी. विठ्ठल पाहायचा कुठे, समुदायात की तिच्या चेहऱ्यात? ‘दोन्हीकडे’ हे उत्तर खरं आहे, पण मला पुरत नाही. पाऊस-धुळीत लेन्स बदलायची म्हणजे सेन्सर उघडा पडतो. निवड घाटाआधीच करावी लागते. मी 85 लावतो. समुदाय शेकडो मोबाइलांत येतोच. आजीकडे थांबून कोणी पाहत नाही.