करार एकाच बाजूने पाळता येतो काय?

बंगळूरच्या एचएसआर लेआउटसारख्या वसाहतीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ‘करार’ हा शब्द बहुधा भाडेकराराच्या निमित्तानेच भेटतो. अकरा महिन्यांची मुदत, अनामत रक्कम, आणि एका पक्षाने अट मोडली की दुसरा मोकळा. पवित्र शास्त्राच्या दोन्ही भागांना आपण मराठीत हेच नाव दिले आहे. शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आलेला. त्याच्या मुळाशी स्थैर्याचा, विसाव्याचा भाव आहे. मराठीने मात्र त्याला कचेरीत बसवले. भाषांतर करणारा रूढ शब्द सहसा बदलत नाही, पण त्या शब्दाबरोबर कचेरीतली समजूतही वाचकाच्या मनात शिरते. इस्राएलाने अटी मोडल्या, तेव्हा देव मोकळा झाला काय? आणि तो तसा मोकळा होत असेल, तर पाप केल्यानंतर आपण कोणत्या आधाराने प्रार्थना करतो?

इब्री भाषेत करार ‘कापतात’. उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात अब्राम कालवड, शेळी व मेंढा यांचे दोन-दोन भाग करून समोरासमोर मांडतो. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते आणि अंधार पडल्यावर धुराची भट्टी व जळती मशाल त्या तुकड्यांमधून जातात. हे काय घडले, याचा खुलासा तो अध्याय करीत नाही.

खुलासा सापडतो तो कित्येक शतकांनंतरच्या यिर्मयाच्या ३४व्या अध्यायात. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेस वेढा घातला असता सिद्कीया राजा व सरदार यांनी आपल्या इब्री दासांना मुक्त करण्याचा करार केला आणि कापलेल्या वासराच्या भागांमधून ते चालून गेले. मिसराची फौज निघाल्याचे ऐकून वेढा काही काळ उठला. धोका टळला असे वाटताच त्यांनी त्याच दासदासींना पुन्हा धरून आणले. तेव्हा परमेश्वराने सांगितले की, करार मोडणाऱ्यांची गत त्या वासरासारखी होईल. म्हणजे तुकड्यांमधून चालणारा स्वतःवरच शाप ओढवून घेतो. आता उत्पत्तीकडे परत जावे. तेथे अब्राम चालत नाही, तो झोपला आहे. चालतो तो देव, एकटाच. काही अभ्यासकांना हा दुवा पुरेसा वाटत नाही. मला तो पुरेसा वाटतो.

मग मनुष्य जबाबदारीतून सुटला काय? त्या दासांची बाजू पाहिली तर असे म्हणवत नाही. देवाने त्यांचा कैवार घेतला, आणि इ. स. पूर्व ५८७च्या सुमारास नगर पडले. वचन टिकते म्हणून शिक्षा टळत नाही.

परंतु नगराबरोबर दावीदाचे सिंहासनही गेले. ८९वे स्तोत्र ते अढळ राहील या वचनाचे मोठ्या आनंदाने गुणगान करते, आणि मध्येच उलटून देवालाच म्हणते की, करार तूच झिडकारलास. त्या स्तोत्रात या आरोपाला उत्तर नाही. अशी प्रार्थना शास्त्रात ठेवली गेली, हे आपल्या मंडळ्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे. आपण फार लवकर ‘आमेन’ म्हणतो.

त्या काळात वचनाचा धागा किती बारीक उरला होता, हे बाबेलच्या उत्खननात मिळालेल्या मातीच्या पाट्यांवरून कळते. एर्न्स्ट वाइडनर यांनी १९३९ साली त्या प्रसिद्ध केल्या. बंदिवासातील यहूदाचा राजा यहोयाखीन व त्याचे पाच पुत्र यांना द्यावयाच्या तेलाच्या शिध्याची नोंद त्यांत आहे. दावीदाचे घराणे परक्याच्या कोठारातून मोजून दिलेल्या तेलावर जगत होते! याच राजाविषयी यिर्मयाच्या २२व्या अध्यायात देव म्हणाला होता की, हा माझ्या उजव्या हातातील मुद्रिका असता, तरी मी त्याला उपटून टाकले असते. इ. स. पूर्व ५२०मध्ये हाग्गय संदेष्टा त्याच्या नातवाला, जरुब्बाबेलाला सांगतो की, देव तुला मुद्रिकेसारखे करील. मुद्रिका तीच, हातही तोच.

जरुब्बाबेल राजा झाला नाही. इराणच्या सम्राटाचा सुभेदार म्हणूनच त्याचे नाव राहिले. मत्तयाने मात्र आजोबा व नातू दोघांचीही नावे येशूच्या वंशावळीत लिहिली आहेत. आजोबाचे नाव तेथे यखन्या असे आहे. नाताळात ती नावांची यादी वाचताना वाचणारा घाई करतो आणि ऐकणारे पुढच्या वचनाची वाट पाहतात.